समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

समुपदेशन म्हणजे चार समजुतीच्या गोष्टी सांगणे, असा समज आपल्या वस्त्यांत अजूनही आहे. प्रत्यक्षात ती शास्त्रीय पद्धत आहे. कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत समुपदेशक निवाडा न करता ऐकतो. ॲरन बेक यांच्या पद्धतीत मनात आपोआप येणारे नकारात्मक विचार पुराव्यावर तपासले जातात.

खरी अडचण इथेच येते. वसतिगृहात 'कोट्यातला' म्हणून हिणवल्या गेलेल्या विद्यार्थ्याला "हे तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे सांगितले, तर समोरचा पुरावाच नाकारला जातो. अपमान खरा असतो. 'म्हणून मी नालायक' हा निष्कर्ष तेवढा तपासायचा असतो. हा फरक समुपदेशकाला कळलाच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

दुसरी अडचण गोपनीयतेची. एका खोलीच्या घरात फोनवरही मोकळे बोलता येत नाही. कार्यकर्त्यांनी विहारातली एखादी खोली ठरावीक वेळी त्यासाठी मोकळी ठेवावी आणि कानावर आलेले बाहेर नेऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो प्रत्येक वस्तीच्या फलकावर लिहूया.