मागच्या सीटवरचा प्रवास

स्वतःच्या घरातली एक खोली आपण पंचवीस वर्षांत पाहिलीच नाही, असे कुणी सांगितले तर आपण त्याला हसू. पण माझ्या मोटारीच्या बाबतीत माझे नेमके तेच झाले होते. १९९९ साली घेतलेली मारुती ८०० मी रोज चालवली, धुतली, पुसली. पण तिच्या मागच्या सीटवर मात्र एकदाही बसलो नाही!

गाडी गुणी. पंधरा वर्षे भरल्यावर २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा तपासणी होऊन तिची नोंदणी पुढे वाढली. हे मॉडेलच २०१४ साली बंद झाले. तेव्हापासून ‘आता विका’ हा सल्ला आमच्याकडे पाहुण्यांच्या चहाबरोबर येऊ लागला. मी चहा घेत असे, सल्ला तिथेच ठेवत असे.

म्हातारपणी गाडीचा मागचा भाग जरा बसला. चारजण बसले की पुण्यातले गतिरोधक तिच्या पोटाला घासू लागले. एका दुकानात मला उपाय मिळाला. मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबराचे जाड बफर बसवायचे. अर्ध्या तासात काम झाले. गाडी ऐटीत उंच उभी राहिली, वळणावर झुकेनाशी झाली. ‘नवी झाली की हो!’ असे मी चार ठिकाणी सांगितले.

त्यानंतर २०२४ च्या पावसाळ्यात आई घसरून पडली. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले आणि पुढे आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तिला न्यायचे ठरले. पाय लांब करता यावा म्हणून तिला मागे बसवत असे. पहिल्या दोन फेऱ्यांत ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी मी किल्ली घेऊन उभा राहिलो, तर म्हणाली, “अरे, राहू दे आज.” चौथ्या वेळी पुन्हा तेच. शेवटी सौ.ने खोदून विचारले, तेव्हा कळले. “त्याला सांगू नकोस,” आई तिला म्हणाली होती, “पण त्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जातो. बरी नाही झाले तरी चालेल.”

वाचकहो, ‘बरी नाही झाले तरी चालेल’ हे शब्द माझ्या मोटारीने आईच्या तोंडून काढले होते! त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाच्याला विचारले तर तो उत्साहाने म्हणाला, “मामा, मोठी चाकं टाका, गॅसचे शॉकअप टाका, गाडी उडेल!” गाडी उडतच होती, हीच तर तक्रार होती. मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी आजार सांगू लागलो, तर ते म्हणाले, “साहेब, किल्ली मला द्या आणि तुम्ही मागं बसा.”

पाच मिनिटांचा फेरफटका. पहिल्या गतिरोधकाला माझे डोके छताला टेकले, दुसऱ्याला कण्यातून कळ गेली. पुढे स्टिअरिंग धरून बसणाऱ्याला रस्ता दिसतो, तो अंग सावरतो. मागच्याला काहीच कळत नाही. शिवाय या लहानग्या गाडीत मागचा माणूस जवळजवळ चाकांवरच बसतो. परत आलो तेव्हा मी वरची कडी घट्ट धरून होतो. आईही तीच धरत असणार.

मिस्त्रींनी बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन गाडी दाबली व सोडली. ती वरखाली डुलतच राहिली. “एकदा वर येऊन थांबायला हवी,” ते म्हणाले आणि मला समजावू लागले.

स्प्रिंग म्हणजे झोपाळा. धक्का घेते, पण एकटी असली तर हलतच राहते. झोपाळा थांबवायला आपण जमिनीला पाय टेकवतो. ते काम शॉकअपचे. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ये-जा करते आणि झोक्याचा जोर उष्णता होऊन विरून जातो. माझे चारही शॉकअप थकले होते. पुढच्या एकातून तर तेल गळत होते. ते हळूहळू निकामी होतात म्हणून रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. चाळिशीच्या चष्म्याचा नंबर वाढतो, तसे. आणि प्रश्न केवळ सुखाचा नाही. चाक रस्त्यावरून उसळले की त्या क्षणी ब्रेकचाही उपयोग नाही.

“आणि हे बफर?” मी भीतभीत विचारले.

“स्प्रिंगचे काही वेढे यांनी जखडले. जितके वेढे कमी हलणार, तितकी स्प्रिंग कडक. गाडी उंच झाली, पण धक्का आजींच्या अंगात गेला.”

बफर निघाले. मागे मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आल्या, त्यामुळे उंची आपोआप परत मिळाली. पुढे-मागे शॉकअप जोडीनेच बदलले. एकच बदलला तर गाडी एका अंगाने लंगडते. भाच्याचे निम्मे मात्र ऐकले. शॉकअप गॅसचे घेतले. त्यांत दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरही तेलाला फेस येत नाही. मोठी चाके नाकारली. जड चाक खड्ड्यातून चपळाईने वर येत नाही. पुढच्या स्ट्रटची माउंटिंगे, लोअर आर्म आणि मागच्या दांड्यांचे रबरी बुश नवे बसवले. बुशचे बोल्ट मिस्त्रींनी गाडी चाकांवर उभी करूनच आवळले; अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुढची स्प्रिंग दाबायला त्यांनी खास शिकंजा लावला. “ही सुटली तर माणूस जातो. घरी करू नका,” एवढे ते दरडावून म्हणाले. शेवटी चाकांचे अलाइनमेंट झाले.

टायरमधली हवाही त्यांनी कमी केली. पंपावरचा मुलगा सरसकट पस्तीस भरत असे; गाडीच्या पुस्तकातला आकडा त्याहून बराच खाली होता. पुस्तक पंचवीस वर्षे डॅशबोर्डाच्या कप्प्यातच पडले होते!

सगळा मिळून खर्च आला साडेतेरा हजार. जुन्या गाडीला सुधारायचे म्हणजे नवे काही चढवायचे, असा माझा समज होता. खरे म्हणजे बनवणाऱ्याने दिले होते आणि माझ्या हातून झिजले होते, ते आधी परत करायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची मनधरणी केली. “आजचा दिवस बस. नाही पटलं तर गाडी विकतो.” ती बसली. मी आरशातून तिचा हात पाहत होतो. पहिला गतिरोधक गेला, हात कडीवर. दुसरा गेला. तिसऱ्याच्या आधी तो हात खाली आला आणि मांडीवरच्या पिशवीवर विसावला.

परतताना ती आपणहून म्हणाली, “अरे, जरा तुळशीबागेकडून घे. दिवाळी आली, पणत्या बघू या.”

मी धन्य झालो. “मग, आई, गाडी कशी वाटते?”

“गाडी चांगलीच आहे रे,” आई म्हणाली. “आता तुझं चालवणं तेवढं दुरुस्त करून घे.”