चौदा इंजेक्शनांची भीती

१९७४च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक पिल्लू माझ्या पोटरीला चावले. वडिलांनी सायकलवर बसवून मला सरकारी दवाखान्यात नेले आणि पुढचे चौदा दिवस रोज एक इंजेक्शन पोटात टोचले गेले. पोटावर गाठी आल्या. शाळेत मी सदरा वर करून त्या दाखवत असे आणि सुई वीतभर लांब होती म्हणून सांगत असे. ऐकणाऱ्यांत माझ्या बाकावरचा मित्रही होता. त्याच पिल्लाने त्याच्या बोटाला ओरखडले होते, पण हे त्याने घरी कुणालाच सांगितले नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला पाणी गिळता येईना. दारातून वाऱ्याची झुळूक आली तरी त्याचा घसा आवळे. चार दिवसांत तो गेला.

ती चौदा इंजेक्शने आली कुठून, याचा शोध मी पुढे घेतला तो यामुळेच.

रोग आपल्याला जुनाच माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे वर्णन आहे आणि ज्याला पाण्याचे भय वाटू लागले तो रोगी वाचत नाही, असेही सांगितले आहे. पहिला उपाय लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर केला. त्याला तेरा वेळा टोचले आणि तो वाचला. पुढे १९११मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो कार्बोलिक ॲसिडने मारून लस केली. ती स्वस्त होती आणि भारतातच होऊ शकत होती. मात्र मात्रा मोठी लागे, म्हणून पोटाची ऐसपैस कातडी निवडली गेली. मेंदूच्या ऊतींमुळे क्वचित अर्धांगासारखे दुष्परिणामही होत. तरी या लसीने असंख्य लोक वाचवले. २००५पर्यंत ती आपल्याकडे बंद झाली.

लस गेली, भीती मात्र राहिली. आजही कुत्रा चावल्यावर ‘पोटात चौदा घ्यावी लागतील’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. प्रत्यक्षात आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून करतात आणि ती दंडात देतात. कातडीत दिली तर चावल्याच्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिली तर त्यात चौदाव्या दिवसाची भर पडते.

चावल्यानंतर घेतलेली लस उपयोगी कशी पडते, हे समजले की घाई का करायची तेही समजते. लाळेतला विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तो मेंदूत पोचण्याआधी शरीराची फौज उभी राहिली पाहिजे. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

म्हणून पहिले काम नळाखाली. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवायची. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. हळद, चुना, तिखट यांतले काही जखमेत भरू नये. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त आले असेल तर लस काम करू लागेपर्यंतचे आठवडा-दोन आठवडे उघडे पडतात. त्यासाठी जखमेत आणि तिच्या कडेने तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन देतात. ते आठवणीने विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात ती लस सुरू करून. तो दहाव्या दिवशीही धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतात.

मला हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न. मांजराच्या ओरखड्याचे काय? तो पंजा चाटलेला असू शकतो, म्हणून तेच उपचार. पिसाळून मेलेल्या म्हशीचे दूध गावभर गेले असेल तर? उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही.

प्रश्न दवाखान्याच्या दाराशी संपत नाही. माझ्या लहानपणी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे तासाभरात साफ करत. गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले जाऊ लागले. ते अंगात असलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९०नंतर गिधाडांच्या तीन जातींतली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. २००६मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर मेलेल्या जनावरांवर कुत्री जमू लागली होती. शहरांत तीच जागा हॉटेलांच्या आणि मटणाच्या दुकानांच्या उघड्या कचऱ्याने घेतली. कुत्री मारून हे सुटत नाही. अन्न तेवढेच राहते, त्यामुळे मोकळ्या जागी नवी, लस न टोचलेली कुत्री येतात. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर रोगाची साखळी तुटते.

हे कागदावरचे गणित नाही. शेजारच्या गोव्यात शासन आणि मिशन रेबीज या संस्थेने गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१मध्ये रेबीज नियंत्रणात आणलेले देशातले पहिले राज्य म्हणून गोव्याची घोषणा झाली.

मुलांना शिकवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या रोगाने मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालची मुले फार असतात, आणि मूल रागावतील म्हणून किंवा सुईच्या भीतीने गप्प बसते. गेल्या वर्षी नातीला मांजराने ओरखडले. ती धावत आली आणि म्हणाली, “आजोबा, रागावू नका.” घड्याळ लावून आम्ही पंधरा मिनिटे तिचा हात धुतला, मग दवाखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींनी विचारले, कुठे टोचले? तिने दंड दाखवला. तिथे काहीच दिसत नव्हते.