तोटाही वाटून घेणारा फड

शेतकरी गट कागदावर उभा करायला यादी अन् सह्या पुरतात. खरा गट कळतो तो पाणी ओढीला लागल्यावर! धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीचेच बघा. बंधाऱ्याखालचे क्षेत्र तीन-चार फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी पडले की बैठकीत ठरायचे, यंदा अमुक फड पडीक. त्यामुळे टेलचा शेतकरी एकटाच मरत नसे, मोठ्या बागायतदारालाही झळ बसे. पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने; त्याचा मेहनताना सगळ्यांनी मिळून. पाटातला गाळ काढायलाही सगळेच. पुढे वर धरणे झाली, विहिरी वाढल्या, तसे बरेच फड मोडले. विहीर भरलेला गडी बैठकीला येईनासा झाला.