लोकसंगीताचे मेळे (लेखांक ६) : पाच वाद्यं, एक माईक

आजच्या विषयाकडे वळण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. 'बेंजो' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूक येते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, गळ्यात अडकवलेलं किंवा स्टँडवर ठेवलेलं ते वाद्य म्हणजे वीज जोडलेलं बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानी. रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या 'बँजो' या चित्रपटात रितेश देशमुख वाजवतो तेही हेच. अमेरिकेतला बँजो मात्र या घराण्यातला नाही. गोल कड्यावर ताणून बसवलेलं कातडं, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. त्यांतली पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर. गुलाम करून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांनी गावाकडच्या वाद्यांच्या आठवणीवर, भोपळा आणि कातडं वापरून, हे वाद्य कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत घडवलं. आज ते गोऱ्या डोंगराळ अमेरिकेची खूण समजलं जातं. हा उलटफेर लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

मागच्या लेखांकात आपण ब्रिस्टल या गावी १९२७ साली झालेलं ध्वनिमुद्रण पाहिलं. त्यातून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स जगापुढे आले. आज तिथल्याच डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला उतरू. नॉर्थ कॅरोलिना राज्यात विल्क्सबरो नावाचं छोटं गाव आहे. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या विल्क्स कम्युनिटी कॉलेजच्या आवारात चार दिवस 'मर्लफेस्ट' भरतो. 'ब्लूग्रास' या लोकशैलीचे आणि तिच्या भोवतालच्या पारंपरिक संगीताचे बँड दहा-बारा मंचांवर सकाळपासून रात्रीपर्यंत वाजवत असतात. लोक घरून घडीच्या बुटक्या खुर्च्या आणतात आणि हिरवळीवर मांडून बसतात. खाण्याचे स्टॉल गावातल्याच संस्था चालवतात आणि त्यातून आपला वर्षाचा निधी उभा करतात.

महोत्सवाची सुरुवात एका बापाच्या दुःखातून झाली. डॉक वॉटसन हा जवळच्याच डीप गॅप वस्तीतला गिटारवादक. जन्म १९२३चा, तान्हेपणीच दृष्टी गेलेली. त्याच्या लहानपणी वडिलांनी त्याला घरीच बँजो करून दिला, त्याला घरातल्या मेलेल्या मांजरीचं कातडं लावलं होतं. त्याचा मुलगा एडी मर्ल हाही उत्तम वादक. त्याची दोन्ही नावं बापाच्या आवडत्या कलाकारांवरून, एडी अर्नोल्ड आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्यावरून, ठेवलेली. बापलेक वीस वर्षं गावोगाव एकत्र वाजवत होते. ऑक्टोबर १९८५मध्ये ट्रॅक्टर उलटून मर्ल गेला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. कॉलेजात त्याच्या नावानं बाग करायची ठरली. अंधांनाही अनुभवता यावी अशी, वासाची आणि स्पर्शाची बाग. तिच्या निधीसाठी डॉकनं एक कार्यक्रम करावा, अशी गळ घातली गेली. डॉकनं मित्रांनाही बोलावलं आणि १९८८ साली उघड्या ट्रकच्या हौद्यांवर पहिला मर्लफेस्ट झाला. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आपल्याला परका नाही. इथे शिष्याच्या जागी बाप आहे आणि गुरूच्या जागी मुलगा.

या महोत्सवात कोणतं संगीत चालेल, याचं उत्तर डॉकनं दोन शब्दांत दिलं होतं. त्याचा अर्थ 'परंपरा, अधिक' असा. म्हणजे डोंगरातलं जुनं संगीत तर हवंच, त्याच्या जोडीला वादकाला जे काही मनापासून वाजवावंसं वाटेल तेही हवं. वरकरणी ही सोयीस्कर तडजोड वाटते. पण ब्लूग्रासचा इतिहास पाहिला की कळतं, ही परंपरा जन्मली तीच या 'अधिक'मधून.

ब्लूग्रास ऐकताना ते दोन-तीनशे वर्षांचं जुनं वाटतं. प्रत्यक्षात ते आपल्या स्वातंत्र्याच्या वयाचं आहे. केंटकी राज्यातल्या रोझीन गावचा बिल मन्रो (१९११–१९९६) मेंडोलिन वाजवायचा. केंटकीचं टोपणनाव 'ब्लूग्रास राज्य', म्हणून त्यानं आपल्या बँडला 'ब्लू ग्रास बॉइज' नाव दिलं. १९३९मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. मन्रोनं काय काय गोळा केलं होतं? व्हायोलिन वाजवणाऱ्या पेन मामाकडून नाचाच्या चाली, आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून ब्लूज, चर्चमधल्या भजनांतून चार आवाजांची जुळणी. १९४५च्या डिसेंबरात त्याच्या बँडमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज आला आणि गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

स्क्रग्ज बँजो तीन बोटांनी वाजवायचा: अंगठा, तर्जनी, मध्यमा, तिन्हींवर नख्या चढवलेल्या. स्वर एकापाठोपाठ एक, न थांबता ओघळत राहायचे. याला 'रोल' म्हणतात. आपल्या हिशेबानं सांगायचं तर ठेका आठ मात्रांचा, केरव्यासारखा, पण बोटं तीन. त्यामुळे आठ मात्रा बऱ्याचदा तीन-तीन-दोन अशा वाटल्या जातात आणि वजन ठेक्याच्या पुढे-मागे सरकत राहतं. ब्लूग्रासमध्ये ढोल नसूनही पाय हलतात, त्याचं निम्मं कारण हे. तीन बोटांनी वाजवण्याची पद्धत त्या भागात आधीपासून होती. स्क्रग्जनं ती इतकी सफाईदार केली की पुढे ती त्याच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. १९४८मध्ये तो आणि गिटारवादक लेस्टर फ्लॅट मन्रोला सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. बाकीचे बँडही तसंच वाजवू लागले. मन्रोला आधी ही नक्कल वाटली. पण नकला वाढल्या तशी ती एक शैली झाली, आणि तिला नाव मिळालं ते मन्रोच्या बँडचंच.

आता शीर्षकातल्या एका माईककडे येऊ. त्या काळी रेडिओच्या स्टुडिओत आणि गावच्या शाळांतल्या कार्यक्रमांत बहुधा एकच माईक असे. गायक आणि चार-पाच वाद्यं, सगळ्यांना त्यातूनच ऐकू जायचं. कोणाचा आवाज किती हवा, हे ठरवायला बटणांच्या फळीमागे कोणी बसलेलं नसे. ते वादकांनी पायांनी ठरवायचं: जवळ जायचं किंवा लांब सरकायचं. पुढे प्रत्येकाला वेगळा माईक मिळू लागला आणि ही कला मागे पडली. नव्वदच्या दशकात डेल मकोरी आणि त्याच्या मुलांच्या बँडनं ती पुन्हा मंचावर आणली. मकोरी हा मन्रोचाच जुना साथीदार. १९६३मध्ये तो बँजोवादक म्हणून बँडमध्ये गेला, मन्रोनं त्याच्या हाती गिटार दिली आणि त्याला गायला लावलं.

या बँडची कुठलीही चित्रफीत लावा आणि आवाज बंद करून पाहा. पाच माणसं कोट-टाय घालून एका माईकभोवती कोंडाळं करून उभी असतात. मागे बासवाला उभा, तो जागचा फारसा हलत नाही. गाण्याचं कडवं संपतं. डेल डोकं बाजूला करून अर्धं पाऊल मागे येतो आणि त्याच क्षणी व्हायोलिनवाला त्याच्या खांद्याच्या बाजूनं आत शिरतो. सोळा मात्रा, बत्तीस मात्रा, आपली पाळी वाजवतो. या पाळीला 'ब्रेक' म्हणतात. ती संपता संपता तो गज वर उचलून वळतो, आणि वळताना उघडलेल्या फटीतून बँजोची गोल चकती पुढे येते. धक्का नाही, इशारा नाही. गाडग्यातलं ताक घुसळताना रवी जशी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते, तसं हे कोंडाळं फिरत असतं.

ज्याची पाळी नाही तोही रिकामा नसतो. मेंडोलिनवाला दर दुसऱ्या मात्रेवर एक कोरडा 'छक्' देतो. तारा छेडल्या की लगेच बोटं सैल करून तो नाद मारून टाकतो. याला 'चॉप' म्हणतात, आणि ढोलवादकाची जागा त्यानं घेतलेली असते. बास पहिली मात्रा धरतो, चॉप दुसरी. गिटार दोघांच्या मधली जागा भरते. आपल्याकडे तबलजी समेवर आणून सोडतो तसा एक ठरलेला माणूस इथे नाही. ठेका पाचही जणांच्या अंगावर असतो. म्हणूनच एखादा बेसावध राहिला तर सगळंच ढासळतं.

मग महोत्सव कशाला लागले? पन्नासच्या दशकात एल्व्हिस प्रेस्ली आला आणि या बँडची कामं आटली. गंमत अशी की एल्व्हिसच्या १९५४च्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला मन्रोचंच गाणं होतं. पुढे शहरातल्या कॉलेजांमधल्या पोरांना लोकसंगीताचं वेड लागलं. राल्फ रिन्झलर हा त्यांच्यातलाच एक. १९६०मध्ये तो जुनी गाणी मुद्रित करायला डोंगरात गेला आणि त्याला डॉक वॉटसन भेटला. तेव्हा डॉककडे होती इलेक्ट्रिक गिटार! तो एका नाचाच्या बँडमध्ये वाजवत असे. त्या बँडला व्हायोलिनवादक नव्हता, म्हणून व्हायोलिनच्या झपाझप चाली डॉकनं गिटारवर बसवल्या होत्या. आज जगभर शिकवली जाणारी 'फ्लॅटपिकिंग' शैली घडली त्यात या अडचणीचा मोठा वाटा आहे. याच रिन्झलरनं १९६३मध्ये मन्रोचं व्यवस्थापन हाती घेतलं. सप्टेंबर १९६५मध्ये कार्लटन हॅनी या आयोजकानं व्हर्जिनियात फिनकॅसलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर तीन दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. अनेक दिवस चालणारा हा पहिला. रविवारी त्यानं मन्रोच्या जुन्या साथीदारांना क्रमानं त्याच्यासोबत मंचावर उभं केलं आणि शैलीची गोष्ट तिच्याच माणसांकडून वाजवून घेतली. दोन वर्षांनी मन्रोनं इंडियानात बीन ब्लॉसमला स्वतःचा महोत्सव सुरू केला.

मर्लफेस्ट याच वाटेवरचा. त्याच्या मंचावर येऊन गेलेले तीन बँड 'अधिक' म्हणजे काय ते दाखवतात. पहिला 'ओल्ड क्रो मेडिसिन शो'. डीप गॅपजवळच्या बून गावात औषधांच्या दुकानाबाहेर ही पोरं फुटपाथवर वाजवत होती. डॉकच्या मुलीनं ती ऐकली आणि ती वडिलांना घेऊन आली. २००० साली ती पोरं मर्लफेस्टला होती, २०१३मध्ये ग्रँड ओल ऑप्रीची सदस्य झाली. दुसरा 'स्टीप कॅनियन रेंजर्स'. विद्यापीठातल्या मित्रांनी सुरू केलेला हा बँड आधी अगदी मन्रोच्या साच्यातला होता. पुढे विनोदी नट आणि पट्टीचा बँजोवादक स्टीव्ह मार्टिन त्यांच्यासोबत वाजवू लागला आणि नंतर त्यांनी चक्क तालवाद्यंही घेतली. कट्टर रसिकांनी नाकं मुरडली असतील, पण गर्दी वाढली.

तिसरा बँड मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००५मध्ये बूनच्याच विद्यापीठात कृष्णवर्णीय बँजोवादकांचं संमेलन भरलं. तिथे रिअॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघं तरुण भेटले. त्याच राज्यातल्या मेबेन गावी जो थॉम्पसन हे ऐंशी पार केलेले कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक राहत. घराण्यात चालत आलेलं वादन जपणाऱ्या शेवटच्या काहींपैकी ते एक. हे तिघं दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसत आणि ऐकून ऐकून शिकत. त्यातून 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' उभा राहिला आणि २०११मध्ये त्यांना पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. सुरुवातीला सांगितलेला उलटफेर इथे सुलटा होतो. डोंगराळ गोऱ्यांचा म्हणून ठरून गेलेला बँजो त्याच्या मूळ धन्यांच्या हाती मंचावर आला. हा 'अधिक' बाहेरून आणलेला नव्हता. परंपरेच्या वहीतलं फाडलेलं पान परत चिकटवलं, एवढंच.

मंचावरचे दिवे मालवले तरी अशा मेळ्यांमधलं वाजणं थांबत नाही. तंबूंजवळ, गाड्यांच्या तळावर, कॅम्पवाल्यांच्या शेकोटीपाशी लोक आपापली वाद्यं काढतात आणि गोल करून बसतात. यात सुतार असतो, नर्स असते, बारा वर्षांची पोरगी असते. कोणी एक जण स्वर सांगतो, चाल सुरू करतो आणि पाळी गोलात फिरू लागते. आपली पाळी नको असेल तर मान हलवायची, ती पुढच्याकडे जाते. गाणं संपवायचं असलं की सुरू करणारा एक पाय उचलतो. तो पाय दिसला की सगळे त्या फेरीअखेर एकदम थांबतात. नवख्याला एवढंच सांगितलं जातं: दुसऱ्याची पाळी चालू असताना हळू वाजव. मंचावरच्या पाच जणांचा आणि या गोलाचा नियम एकच आहे, आणि तो शिकवायला ना शाळा आहे, ना परीक्षा.

नॉर्थ कॅरोलिनातल्याच रॅले-कॅरी भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिथून विल्क्सबरो गाडीनं जेमतेम तीन तासांवर. एप्रिलच्या शेवटी कोणाचा मुक्काम तिकडे असेल तर चार दिवसांतला एक दिवस तरी राखून ठेवा. घरबसल्या ऐकणाऱ्यांनी मन्रोच्या बँडची १९४६–४७मधली ध्वनिमुद्रणं शोधावीत. पहिल्यांदा सरळ ऐका. दुसऱ्यांदा गाण्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त मागचा तो कोरडा 'छक्' शोधा. तो एकदा सापडला की बँड कसा चालतो ते कानाला कळेल.

पुढच्या आठवड्यात गॅलॅक्स : १९३५पासून चालत आलेली व्हायोलिनवाल्यांची स्पर्धा.