अकरावीतला गॅट्सबी

न्यू जर्सीतल्या सरकारी हायस्कुलांत अकरावीचं इंग्रजी म्हणजे बहुतेक ठिकाणी अमेरिकन साहित्याचं वर्ष. प्युरिटनांपासून सुरुवात होते, मग बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र येतं, हॉथॉर्न येतो, फ्रेडरिक डग्लस येतो आणि हिवाळ्याच्या सुट्टीनंतर एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’. अशाच एका शाळेत मी सहायक म्हणून काम करते. वाचनात ज्यांना जास्तीची मदत लागते त्या मुलांशेजारी बसायचं आणि त्यांना वर्गाबरोबर ठेवायचं, हे माझं काम. शिकवणाऱ्या बाई वेगळ्या. त्यामुळे एकच कादंबरी दरवर्षी त्याच खोलीत, मागच्या रांगेतून ऐकायला मिळते, आणि मला तिचा कंटाळा येत नाही.

पुस्तकं शाळेची असतात. आतल्या पुठ्ठ्यावर शिक्का आणि त्याखाली आधीच्या वर्षांतल्या मुलांची नावं. पुस्तकात लिहायची मुभा नाही, म्हणून बाई पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे वाटतात. नऊ प्रकरणं, जेमतेम १८० पानं, हे बघून मुलांना हायसं वाटतं. पहिलं पान उघडलं की ते हायसं वाटणं संपतं, कारण गोष्ट सुरू व्हायच्या आधी निक कॅरवे हा निवेदक स्वतःबद्दलच बराच वेळ बोलत राहतो. हे प्रकरण बाई कधीच घरी वाचायला देत नाहीत. वर्गात स्वतः मोठ्याने वाचतात, सावकाश, मध्ये काहीही न समजावता.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. १९२२चा उन्हाळा, न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड, देशात दारूबंदी. मिडवेस्टातून आलेल्या निकच्या शेजारी जे गॅट्सबी नावाचा गडगंज माणूस राहतो, ज्याचा पैसा कुठून आला हे कोणी धड सांगू शकत नाही. खाडीपलीकडे निकची नात्यातली बहीण डेझी आणि तिचा नवरा टॉम राहतात. गॅट्सबीला पाच वर्षांपूर्वीची डेझी परत हवी आहे. हे सगळं आपल्याला कळतं ते निकच्या तोंडून, आणि बाईंचा खरा रोख तिथेच असतो.

बाहेर मात्र ही कादंबरी प्रतीकांसाठी प्रसिद्ध आहे. हिरवा दिवा, राखेची दरी, डोळ्यांच्या डॉक्टरच्या जाहिरातीतले ते प्रचंड डोळे. इंटरनेटवरच्या सारांशात प्रत्येकाचा अर्थ तयार मिळतो, आणि मुलं तो वर्गात घेऊनच येतात. प्रतीकं हा या कादंबरीचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे असं माझं ठाम मत झालंय. परीक्षेत विचारायला सोपा म्हणून तो पुढे आला. राखेची दरी मुलांना खरी वाटते ती बाई नकाशा लावतात तेव्हा. क्वीन्समधली कोरोना भागातली राख टाकायची ती जागा पुढे साफ झाली, तिथे १९३९चं जागतिक प्रदर्शन भरलं, आणि आज तिथल्याच बागेत यूएस ओपनचे टेनिस सामने होतात. वर्गातल्या दोन-तीन मुलांनी ते तिथे जाऊन पाहिलेले असतात.

दरवर्षी मी ज्या तासाची वाट बघते तो तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाचा. बाई त्या शेवटच्या भागाची झेरॉक्स देतात, चारी बाजूंनी रुंद समास सोडलेली. तिथे निक आधी जॉर्डन बेकर या मुलीबद्दल सांगतो, की ती खोटं बोलते आणि गोल्फच्या सामन्यात तिने लबाडी केल्याची कुजबुज होती. मग सांगतो की गावाकडे एक मुलगी आहे, तिला तो दर आठवड्याला प्रेमाने पत्र लिहितो, आणि ते प्रकरण आधी निस्तरायला हवं. आणि लगेच स्वतःला प्रमाणपत्र देतो, की आपल्याला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांत आपण एक आहोत.

पाच मिनिटं वर्गात फक्त पेन्सिली चालतात. माझ्या शेजारचा मुलगा अक्षरांवर बोट ठेवून वाचणारा. त्याला मी एवढंच सांगते, की निक स्वतःबद्दल जे जे म्हणतो त्याखाली रेघ मार आणि इतरांबद्दल म्हणतो त्याला गोल कर. त्याचा कागद थोड्या वेळाने माझ्याकडे सरकतो. गोल भरपूर, रेघा मोजक्याच, आणि एका रेघेच्या बाजूला त्याने प्रश्नचिन्ह काढलेलं असतं.

मग बोलणं सुरू होतं. एक मुलगी म्हणते, “तो प्रामाणिकच आहे. पत्रांचं त्याने स्वतःहून सांगितलं ना?” बाई विचारतात, “कुठे लिहिलंय?” ती ओळ दाखवते. दुसरा म्हणतो, “आपल्याला सांगितलं, पण त्या मुलीला नाही सांगितलं.” पुन्हा तोच प्रश्न: कुठे लिहिलंय? बाईंकडे सगळ्या मतांना हा एकच प्रश्न असतो. ओळ सापडली तर मत फळ्यावर जातं, नाही सापडली तर थांबतं. बरोबर की चूक हे त्या शेवटपर्यंत सांगत नाहीत. सुरुवातीला हुशार मुलंच यावर वैतागतात. आपल्याकडे गाइड आणि ‘एकवीस अपेक्षित’वर वाढलेल्या आईवडिलांनाही ते पटत नाही. पालकसभेत एका मराठी वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अहो ताई, पण उत्तर काय ते तरी सांगा.” मी त्यांना ते पान दाखवलं आणि त्यांनी उभ्या उभ्या ते वाचून काढलं. मग म्हणाले, हा निक काही सरळ नाही.

याच प्रकरणात गॅट्सबीच्या घरच्या वाचनालयात घुबडासारख्या चष्म्याचा एक पाहुणा येतो. पुस्तकं खरी आहेत हे बघून तो थक्क होतो. पुठ्ठ्याची खोटी खोकी असतील असं त्याला वाटलेलं. फक्त पानं कापलेली नाहीत. हे मुलांना कळतच नाही, कारण न कापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलेलंच नसतं. मग बाई एक मोठा कागद तीन वेळा घडी घालून त्याचा सोळा पानांचा फर्मा करतात आणि मधोमध टाके घालून वर्गात फिरवतात. वरची आणि बाहेरची घडी मिटलेली, त्यामुळे आतली बरीच पानं दिसतच नाहीत. एकजण पट्टी घालून घडी उलगडत जातो, कागद फाटल्याचा आवाज येतो आणि त्या पाहुण्याला काय दिसलं ते सगळ्यांना समजतं. पुस्तकं विकत घेतली, उघडली कधीच नाहीत. माझ्या शेजारच्या मुलाने त्या तासाला पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला: “मग निकने का नाही तपासलं? तो तर शेजारी राहतो.”

पहिल्या प्रकरणात जेवणाच्या टेबलावर टॉम गोऱ्या वंशाचं कसं होणार यावर बोलतो आणि एका पुस्तकाचा हवाला देतो. पुष्कळ वर्गांत हा भाग उरकला जातो. आमच्या बाई नंतर तिथे परत येऊन थांबतात, आणि त्यांचं मला सर्वांत जास्त कौतुक याचंच आहे. टॉमचं पुस्तक काल्पनिक असलं तरी १९२०मध्ये लोथ्रॉप स्टॉडर्डचं त्याच आशयाचं पुस्तक खरोखर निघालं होतं आणि खपलंही होतं. बाई त्यासोबत सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातला उतारा देतात. भगतसिंग थिंड हा पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला शीख. फेब्रुवारी १९२३मध्ये न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. कादंबरीतल्या त्या जेवणानंतर वर्षही झालं नव्हतं. थिंडचे वकील होते अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं. ते लढले आणि जिंकले. बाकीच्या बहुतेक हिंदी लोकांना मात्र हा हक्क १९४६पर्यंत मिळाला नाही.

या वर्गातली निम्मी मुलं गुजराती, तेलुगू, मराठी घरांतली. त्या दिवशी चिकटचिठ्ठ्या कमी लावल्या जातात आणि प्रश्न जास्त येतात. एका मुलीने विचारलं होतं, टॉम बोलतो तेव्हा निक काय करतो? सगळ्यांनी पान उलटून पाहिलं. निक वाद घालत नाही. टॉमची कीव आल्यासारखं लिहितो, पण तेही नंतर, आपल्याला सांगताना.

एकदा ही नजर आली की पुढे मुलांना हात धरून न्यावं लागत नाही. २०१३च्या सिनेमात जुगारी मायर वुल्फशाइमची भूमिका अमिताभ बच्चनने केली, त्यामुळे भारतीय घरांत हे पात्र नावाने माहीत असतं. पण कादंबरीत निक त्या ज्यू माणसाच्या नाकाचं किती वेळा वर्णन करतो, हे मुलंच शोधून काढतात आणि अस्वस्थ होतात. बाई त्यावर ‘तो काळच तसा होता’ असं पांघरूण घालत नाहीत.

शेवटच्या प्रकरणात गॅट्सबीचे वडील मुलाच्या एका जुन्या पुस्तकामागे लिहिलेलं वेळापत्रक दाखवतात. १९०६ साली लिहिलेलं: पहाटे उठणं, व्यायाम, अभ्यास, काम, आईवडिलांशी नीट वागण्याचा निश्चय. फ्रँकलिनचं वेळापत्रक मुलांनी वर्षाच्या सुरुवातीला वाचलेलं असतं, ते लगेच ओळखतात. बाई त्यांना स्वतःचा दिवस त्याच रकान्यांत लिहायला सांगतात. शाळा, पोहणं, गणिताची शिकवणी, एसएटीचा क्लास, रात्री अकराला गृहपाठ. निबंध मग वर्गातच, हाताने, दोन तासांत लिहायचा असतो. चॅटबॉट आल्यापासून घरी लिहून आणायचा निबंध बंद झाला, आणि त्याने निबंध चांगलेच झाले असं मला वाटतं. माझ्या शेजारच्या मुलाने दीड पान लिहिलं. त्यात हिरवा दिवा कुठेच नव्हता, आणि प्रत्येक विधानापुढे पानाचा आकडा होता.

१० एप्रिल १९२५ला निघालेली ही कादंबरी फिट्झजेराल्डच्या हयातीत फारशी चालली नाही. १९४०मध्ये तो वारला तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती अजून पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या छोट्या पुस्तकांत तिच्या सुमारे दीड लाख प्रती गेल्या आणि त्यानंतर ती शाळांत आली. १ जानेवारी २०२१पासून अमेरिकेत तिच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे ती फुकट मिळते. तुमच्या घरात कोणी अकरावीत असेल तर सारांश शोधून देऊ नका, स्वतः वाचायला घ्या. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आलात की निकबद्दल तुमचं मत सांगायच्या आधी मुलाला त्याचं मत विचारा, आणि ते कुठे लिहिलंय तेही.