निझव्याच्या बाजारातली पुंगळी

मस्कतला नोकरी करणाऱ्या एका वाचकानं फोटो पाठवलाय. निझव्याच्या शुक्रवारच्या बाजारात त्याला जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची रिकामी पुंगळी मिळाली. पितळेची, बोटभर लांब, खांद्यापाशी बाटलीसारखी निमुळती झालेली. आणि मानेवर केसाएवढी उभी चीर. त्याचे प्रश्न दोन. ही चीर कशानं पडली असेल? आणि परदेशात हौशी नेमबाज घरीच प्रेसवर काडतुसं पुन्हा भरतात, त्यात चांगला प्रेस कोणता?

आधी थोडं त्या बंदुकीबद्दल. ओमानात मार्टिनीच्याही आधीची बंदूक म्हणजे 'अबू फतीला', अर्थात वातीचा बाप. आपल्याकडची तोड्याची बंदूक तीच. आपला 'पलिता' हा शब्दही या फतील्याचाच, फारसीतून फिरून आलेला. मार्टिनी ब्रिटिश फौजेत आली 1871 मध्ये. फौजेनं नवी बंदूक घेतल्यावर या जुन्या बंदुका मस्कतच्या बंदरात उतरू लागल्या आणि तिथून मकरानमार्गे थेट वायव्य सरहद्दीवर, म्हणजे ब्रिटिशांच्याच अंगावर जाऊ लागल्या. शेवटी 1912 मध्ये सुलतान फैसल बिन तुर्की यांनी सगळी शस्त्रं एकाच वखारीत उतरवायची सक्ती केली. माल असा आटला की रिकाम्या पुंगळीलाही किंमत येते. काडतुसातली दारू जळते, शिसं उडून जातं, ठिणगी पाडणारी टोपी फुटते. हातात उरते ती फक्त पितळ.

पण ती पहिल्या मापाची उरत नाही. बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. मग ती आकसते, पण पूर्ण नाही. तिला पुन्हा मापात आणायला पोलादी साच्यात दाबावं लागतं, आणि प्रेसचं मुख्य काम ते एवढंच. त्याचा दांडा ओढला की आतले दोन सांधे गुडघ्यासारखे सरळ होत जातात. पाठीवर पोतं घेऊन उठणारा हमाल आठवा: गुडघे पूर्ण वाकलेले असताना जीव जातो, पाय सरळ होत आले की शेवटची दोन बोटं अलगद जमतात. प्रेसमध्येही नेमक्या याच शेवटच्या टप्प्यात, जिथं पितळ सर्वात जास्त विरोध करते, तिथं जोर कैक पटींनी वाढतो. म्हणून एका हातानं काम भागतं.

बाकी जाहिराती आहेत. प्रेस तीन प्रकारचे: एका ओढीत एकच काम करणारा प्रेस, साचे फिरवता येणारा, आणि दर ओढीला एक तयार काडतूस टाकणारा. तिसऱ्याचं कौतुक फार होतं. मला ते पटत नाही. पाच कामं एकदम चालू असताना एखाद्या पुंगळीत दारू दुप्पट पडली किंवा पडलीच नाही, तर ते पाहायला माणसाचा डोळा एकच. नवख्यासाठी बंद चौकटीचा, एका वेळी एकच काम करणारा, कंटाळवाणा प्रेसच बरा. आणि टोपी इंग्रज कर्नल बॉक्सरच्या पद्धतीची हवी, कारण तिच्याखाली मधोमध एकच भोक असतं, सुईनं जुनी टोपी बाहेर ढकलता येते. अमेरिकन बर्डनच्या रचनेत दोन बारीक भोकं, तीही बाजूला. गंमत अशी की आज अमेरिका वापरते इंग्रजाची टोपी आणि युरोपातल्या बऱ्याच फौजा अमेरिकनाची!

पण प्रेस कितीही भारी घ्या, पितळ आपला हिशेब ठेवते. पुण्याच्या तांबट आळीत विचारा. पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो, ठोकत राहिलं तर फाटतो. म्हणून तांबट मध्येच त्याला भट्टीत ताव देतो. पुंगळीची मानही दर वेळी फुगते, दर वेळी दाबली जाते. ताव दिला नाही तर तिथंच ती चिरते. फौजी काडतुसांच्या मानेवर जी निळसर झाक दिसते, ती या तावाचीच खूण.

आता खरी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवली की न उडवताच चिरायची. ना मार, ना बार. उत्तर मिळायला 1921 साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की गुन्हेगार होता घोड्यांचं मूत! त्यातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा मिळून पितळेतलं तांबं कणांच्या सीमांवर विरघळवत होते, आणि पुंगळी ओढून घडवताना तिच्या अंगात उरलेला ताण त्या रेषा उसवत होता. अमोनिया, ओल आणि ताण, यातलं एक काढून घेतलं की चीर पडत नाही. घोड्यांना थांबवता येत नाही, पावसालाही नाही. म्हणून ताण काढायचा: सुमारे 250 ते 300 अंश सेल्सियसला पितळ शेकायची, बस. बॉक्सरचं नाव आजही त्याच्या टोपीला आहे. या तिघांची नावं धातुशास्त्राच्या वर्गाबाहेर कुणी घेत नाही, आणि त्या घोड्यांची तर नाहीच.

वाचकाच्या पुंगळीची चीर तावाअभावी पडली की अमोनियानं, हे फोटोवरून सांगणं अवघड. निझव्याचा शेळ्यांचा बाजार मात्र तिथंच शेजारी भरतो, एवढं नोंदवून ठेवतो.

प्रेसचं म्हणाल तर या पुंगळीसाठी कुठलाच घेऊ नका. चिरलेली मान पुढच्या बाराला उघडेल. भारतात परत आल्यावरही तो नाद नको. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आणि सुटीवर येताना पुंगळी मस्कतलाच ठेवून या. मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रासमोर बसलेल्या जवानाला अमोनियाची गोष्ट ऐकायला वेळ नसतो.