अंतरंगाचा उजेड आणि नकाशा

नवरात्रांतील एखाद्या रात्रीं ठाण्याचा टेंभी नाका दूरच्या उंच गच्चीवरून पाहिला, तर देवीच्या मंडपाची रोषणाई डोळ्यांत भरते. पण ती नेमकी कोणत्या रस्त्याच्या तोंडाशीं आहे, तें काळोखांत कळत नाहीं. उलट शहराच्या नकाशांत गल्लीन् गल्ली सांपडते; मात्र दिवे कोठें लागले आहेत, हें त्यावरून समजत नाहीं. शरीराचें अंतरंग पाहणाऱ्या दोन शास्त्रीय पद्धतींची अडचण अशीच होती.

राँटजेन यांनीं १८९५ सालीं शोधलेल्या क्ष-किरणांवर चालणारें सी. टी. यंत्र नकाशा काढतें. हाड, फुप्फुस, गांठ, सर्वांचे आकार त्यांत रेखीव उमटतात. परंतु ती गांठ जिवंत आहे कीं औषधानें निर्जीव झाली आहे, हें आकारावरून उमगेलच असें नाहीं. दुसरी पद्धत अणूंची. साखरेसारख्या द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ जोडून तें शिरेंतून देतात. कर्करोगाच्या पेशी बहुधा अधाशी. त्या तें अधिक ओढून घेतात, आणि तेथून निघणारे गॅमा किरण 'पेट' यंत्र टिपतें. हा झाला उजेड. तो धूसर असतो. शिवाय मेंदूही साखर खातो आणि सुजलेली जागाही उजळते, तेव्हां प्रत्येक उजेड रोगाचा नव्हे.

दोन चित्रें एकावर एक ठेवावीं, हें सुचणें स्वाभाविक होतें. पण निरनिराळ्या दिवशीं काढलेलीं चित्रें जुळत नाहींत. रोगी तसाच निजत नाहीं, आंतडीं हलतात. डेव्हिड टाउनसेंड व रोनाल्ड नट यांनीं रोग्याला न उठवितां एकाच बिछान्यावरून दोन्ही तपासण्या करण्याची युक्ति काढली. त्यांचें जोडयंत्र १९९८ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें चालूं झालें. यांत आणखी एक लाभ होता. खोल जागेंतून येणारे गॅमा किरण वाटेंतच कांहीं अंशीं शोषले जातात. किती, तें सी. टी.नें दाखविलेल्या घनतेवरून काढतां येतें. म्हणजे नकाशा उजेडाची जागा तर दाखवितोच, त्याचें खरें मापही देतो.

ही विद्या ठाणेंकरांना दूरची नाहीं. परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं देशांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र सुरू झालें. फ्लोरीन-१८ चें तेज सुमारें ११० मिनिटांत निम्में होतें. तें घेऊन ठाण्याकडे निघालेली गाडी दोन तास अडकली, तर अर्ध्याहून अधिक माल रस्त्यांतच संपला म्हणावयाचा!

संशोधनांत या जोडीचें मोल विशेष. खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या कर्करोग-संशोधन संस्थेंत लहान प्राण्यांसाठीं असें यंत्र बसविण्यांत आलें. नवें औषध गांठीपर्यंत पोंचलें काय, हें पाहण्यासाठीं पूर्वीं ठराविक दिवसांनीं कांहीं उंदीर मारून त्यांचे अवयव तपासावे लागत. आतां तोच उंदीर बेशुद्ध करून पुनःपुन्हा पाहतां येतो. प्राणी कमी लागतात, आणि आजच्या स्थितीची तुलना त्याच जिवाच्या कालच्या स्थितीशीं होते. काम मात्र नाजूक. मनुष्याच्या चित्रांत चार-पांच मिलिमीटरांची चूक कधीं खपून जाते. उंदरांत तेवढ्या अंतरांत एक अवयव संपून दुसरा सुरू होतो. त्यांतच वरचेवर दिलेले क्ष-किरण स्वतःच गांठीवर परिणाम करूं शकतात. म्हणून ते नकाशापुरतेच वापरावे लागतात. नाहीं तर गांठ आटली ती औषधानें कीं किरणांनीं, हाच प्रश्न उरावयाचा.